पुस्तकातली अळी आणि बोंडातली अळी

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात (२०१८ ची आवृत्ती) जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात बीटी कापसाविषयी काही ओळी आहेत. आशय असा : एका जिवाणूचे जनुक कापसात घातले, त्यामुळे पानांत व बोंडांत विष तयार होते, बोंडअळीची अन्ननलिका नष्ट होते आणि ती मरते. यातले एकही वाक्य चूक नाही. पण जालना जिल्ह्यातल्या वर्गात हा भाग शिकवताना एखादे पोर विचारेलच, ‘‘सर, मग आमच्या बोंडात अळी जिवंत कशी?’’ या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही, आणि हीच या धड्याची मोठी उणीव आहे.

हा प्रश्न जालन्यात विचारला जावा हे साहजिक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालन्यातच सुरू केली. २००२ च्या मार्चमध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हाचे पहिले तीन संकरित वाण याच कंपनीचे होते. सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. २००६ साली दोन विषजनुके असलेले वाण आले. मात्र २०१० साली गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या विषाला दाद दिली नसल्याचे जाहीर झाले, आणि पुढे काही वर्षांतच दुसरे विषही निष्प्रभ ठरू लागले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापसाचे या अळीने अतोनात नुकसान केले.

असे का झाले? विष पचवू शकणाऱ्या अळ्या लाखांत एखाद्‌दुसऱ्या आधीपासूनच असतात. बाकीच्या मेल्या की याच उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. ही नैसर्गिक निवड झाली. शास्त्रज्ञांना याची कल्पना होती. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचे १२० ग्रॅम बियाणे देण्याचा आणि ते बीटीच्या कडेने पेरण्याचा नियम झाला. हे आश्रय पीक. त्यावर साधे पतंग भरपूर तयार व्हावेत आणि प्रतिकारक्षम पतंगाची जोडी त्यांच्याशी जुळावी, हा हेतू. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी असेल, तर या जोडीची सगळी पिल्ले विषाने मरतात. नववीत मेंडेलसाठी आपण जो चौकट-तक्ता फळ्यावर काढतो, तोच हा तक्ता.

कागदावर ही योजना चोख होती. पण ज्याची एकूण जमीन दोन-तीन एकर, त्याने त्यातला काही भाग अळ्यांना खाऊ घालायचा, असा तिचा अर्थ होत होता. त्याचा फायदा साऱ्या शिवाराला, तोटा मात्र त्याला एकट्याला. ती छोटी पिशवी बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. दोष केवळ शेतकऱ्याला देऊन भागणार नाही. कोरडवाहू, तुकड्यातुकड्यांच्या शेतीत हा नियम कसा पाळला जाईल, याचा विचार संशोधनाचाच भाग असायला हवा होता.

मेंडेल आणखी एके ठिकाणी भेटतो. आपला बीटी कापूस संकरित आहे आणि विषजनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेले असते. त्यामुळे बोंडातल्या सरकीत ते ३ : १ या प्रमाणात विभागले जाते. दोन जनुके असतील तर ९ : ३ : ३ : १, म्हणजे सरासरी सोळा सरक्यांत एक अगदी बिनविषारी. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला विषाचा अर्धामुर्धा डोस मिळतो, आणि प्रतिकार वाढण्याचे हे एक कारण मानले जाते. डिसेंबरनंतर फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत अन्नही मिळते.

हिरव्या बोंडअळीची गोष्ट वेगळी आहे. ती तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. तिच्यासाठी शिवारच आश्रय पीक ठरले, आणि बीटीवर ती बऱ्याच अंशी आटोक्यात राहिली. गुलाबी अळीचे पोट मात्र मुख्यत्वे कापसावरच. तंत्र एकच, पण अळीचा स्वभाव बदलला की निकाल बदलतो. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये आश्रय पिकाचा नियम कसोशीने पाळला गेला, पुढे वांझ पतंगही सोडले गेले, आणि २०१८ साली तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे तंत्र फसवे नव्हते. ते एकटे पुरेल हा समज फसवा होता.

आता पुस्तकाकडे पुन्हा पाहू. त्याचे पहिलेच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांतीचे आहे. बीटी कापूस नंतरच्या प्रकरणात येतो, पण दोघांची गाठ कुठेच पडत नाही. उत्क्रांती म्हणजे जीवाश्म आणि लाखो वर्षे, असा समज मुलांच्या मनात राहतो. प्रत्यक्षात ती त्यांच्या बांधापलीकडे पंधरा वर्षांत घडून गेली. पानांची मर्यादा समजू शकते. पण ‘अळी मरते’ यानंतर ‘सगळ्या मरत नाहीत’ एवढे एक वाक्य घालायला जागा फारशी लागत नाही.

ते वाक्य येईपर्यंत काम शिक्षकांनाच करावे लागेल. हिवाळ्यात मुलांना प्रत्येकी वीस बोंडे आणायला सांगा, ती फोडून किती अळ्या सापडतात ते मांडा. शाळेजवळच्या शेतात कामगंध सापळा लावून रोज पतंग मोजा. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपायाची वेळ झाली, असे मानले जाते. चिंचोक्यांच्या दोन रंगांनी आश्रय पिकाचा खेळही मांडता येईल. विज्ञानाने दिलेले उत्तर तपासत राहावे लागते, हे त्या बोंडाइतके स्पष्ट दुसरे काही सांगणार नाही.