‘प्रकाशक नाही’ म्हणजे नक्की कोण नाही?

स्वतंत्र गेम-विकासकांवर काम करायचंय म्हटलं की बहुतेक जण ‘इंडी गेम: द मूव्ही’पासून सुरुवात करतात. मीही केली होती. सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘स्वतंत्र म्हणजे प्रकाशकाशिवाय काम करणारे’, आणि खाली या डॉक्युमेंटरीचा हवाला दिला. कमिटीत एका बाईंनी शांतपणे विचारलं, “पण मग यातले किती जण प्रकाशकाशिवाय आहेत?” मला उत्तर येत नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आधी चांगलं बोलू. २०१२ ची ही फिल्म, लिझान पाजो आणि जेम्स स्वर्स्की या दोघा कॅनेडियन दिग्दर्शकांची. पैसे किकस्टार्टरवरून लोकांकडून उभे केलेले. सनडान्समध्ये तिला संकलनाचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच आहे. ‘ब्रेड’ (पावाचा नव्हे, वेणीचा), ‘सुपर मीट बॉय’ आणि ‘फेझ’ या तीन गेम्सच्या गोष्टी ती अशा गुंफते की कोड लिहिण्यासारखं कंटाळवाणं कामही बघवतं.

पण ‘सुपर मीट बॉय’ बाजारात येतो त्या दिवसाचा प्रसंग दोनदा बघा. टॉमी रेफेनेस सकाळी एक्सबॉक्स लावतो आणि गेम तिथे दिसतच नाही. तो चिडतो, हताश होतो. फिल्म त्याच्या चेहऱ्यावर थांबते. तुम्ही मात्र त्या स्क्रीनवर थांबा. ते दुकान कुणाचं? कुठला गेम कुठे दिसणार, कधी दिसणार, हे कोण ठरवतंय? मायक्रोसॉफ्ट! अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा इथे आहे, आणि फिल्म त्याला नशिबाची थट्टा म्हणून सोडून देते. माझी खरी तक्रार ही आहे.

कारण एक्सबॉक्स लाइव्ह आर्केडवर त्या काळी छोट्या विकासकाला स्वतःच्या नावावर गेम लावता येत नसे. मायक्रोसॉफ्ट किंवा दुसरा कुणी प्रकाशक मध्ये लागायचाच. २००८ च्या ‘ब्रेड’च्या एक्सबॉक्स आवृत्तीवर प्रकाशक म्हणून मायक्रोसॉफ्ट गेम स्टुडिओजचंच नाव आहे. आणि ‘फेझ’चं पुढे काय झालं बघा. जून २०१२ मध्ये त्याच्या दुरुस्तीच्या पॅचमध्येच दोष निघाला, काही खेळाडूंची सेव्ह फाइल खराब व्हायची. तो परत दुरुस्त करून तपासणीला द्यायचा तर हजारो डॉलर्स भरावे लागतील, असं म्हणत विकासकांनी तो तसाच ठेवला. स्वतःचा गेम, पण दुरुस्ती परवडत नाही. याला स्वातंत्र्य म्हणायचं का, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

फिल्म आली तेव्हा हे घडलेलं नव्हतं, त्यामुळे तो दोष तिच्या माथी मारत नाही. पण चार यशस्वी (किंवा यशाच्या उंबरठ्यावरचे) पुरुष निवडून ‘स्वतंत्र विकासक असे असतात’ हा भास तिने नक्कीच निर्माण केलाय. जे मध्येच थांबले, नोकरीला लागले, ते कॅमेऱ्यात नाहीत. नमुना म्हणून ही फिल्म वापरलीत तर फसलात. या लोकांना स्वतःबद्दल काय सांगायला आवडतं, याचा पुरावा म्हणून वापरा.

आता उलटी बाजू. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ घ्या. २०१७ ची त्यांची किकस्टार्टर मोहीम अपयशी ठरली. काम चालू ठेवायला संस्थापकांपैकी एकीने आपलं घर विकलं, हे मुलाखतींतून आलेलं आहे. २०२० मध्ये गेम आला, तो सुपर डॉट कॉम या प्रकाशकामार्फत. माझ्या त्या व्याख्येप्रमाणे ‘राजी’ नमुन्यातून बाद, आणि मायक्रोसॉफ्टचा शिक्का असलेला ‘ब्रेड’ आत! घर विकणारी बाई बाहेर बसते ती व्याख्या कसली?

येस्पर यूलचं ‘हँडमेड पिक्सल्स’ (२०१९) मी तेव्हा वाचायला हवं होतं. आर्थिक, सौंदर्यविषयक आणि सांस्कृतिक अशी तीन स्वातंत्र्यं तो वेगळी करतो. त्याच्या पहिल्या भागात मी एकच खाचाखोच घालेन: प्रकाशकाबरोबर दुकानदारही मोजा. स्टीमवर आज १०० डॉलर भरून कुणीही गेम लावू शकतं, पण विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा स्टीमचा.

मी आता मुलाखतीत ‘तुमचा प्रकाशक कोण?’ असं विचारत नाही. ‘गेममध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त करून खेळाडूपर्यंत पोचवायला कुणाकुणाची परवानगी लागते?’ असं विचारते. लोक आधी हसतात, मग बराच वेळ बोलतात.