जुन्या संगणकांतील बॅटरी व वीजपुरवठा : ‘मूळ अवस्थे’च्या आग्रहाची चिकित्सा

जुनी वस्तू जतन करावयाची म्हणजे ती आहे तशी ठेवावयाची, हे तत्त्व आपल्याकडे जवळजवळ निर्विवाद मानले जाते. ताम्रपट, नाणी, हस्तलिखिते यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. अशा वस्तूंना जितका कमी हात लागेल तितक्या त्या सुरक्षित राहतात. जुन्या संगणकाला हेच तत्त्व लावले तर मात्र तो हमखास नष्ट होतो. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या संगणकातही एक रासायनिक क्रिया अखंड चालू असते आणि ती यंत्राच्या विरोधात चालू असते. ही क्रिया घडते ती बॅटरीत. या बॅटरीकडे आणि तिच्या जोडीने वीजपुरवठ्याकडे पाहण्याची संग्राहकांची व संस्थांची प्रचलित दृष्टी तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैयक्तिक संगणकात ही बॅटरी रुळली ती प्रामुख्याने १९८४ च्या आय.बी.एम. पीसी एटीपासून. घड्याळ चालू ठेवणे आणि यंत्राची मांडणी, विशेषतः हार्ड डिस्कचा प्रकार, वीज नसतानाही लक्षात ठेवणे हे तिचे काम. आय.बी.एम.ने ही बॅटरी मदरबोर्डावर न बसवता सांगाड्याला वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवली आणि तारेने जोडली. साधीशीच गोष्ट, पण तिच्यात मोठे शहाणपण होते. ती बॅटरी संपली वा गळली तरी मदरबोर्ड शाबूत राहतो. नंतरच्या अनुकृतींनी खर्च आणि श्रम वाचवण्यासाठी पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट मदरबोर्डावर डाख देऊन बसवली. १९८७ च्या अमिगा २००० पासून १९९२ च्या अमिगा ४००० पर्यंत कमोडोरच्या अनेक यंत्रांतही हेच घडले.

या बॅटरीतील द्राव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो. काही वर्षांनी बॅटरीची झाकणे सैल पडतात आणि हा अल्कधर्मी द्राव बाहेर झिरपून तांब्याच्या रेषांवरून, सॉकेटांच्या पायांतून, कधी तर तारेच्या आवरणाखालूनही पुढे सरकतो. प्रारंभी फक्त हिरवट-निळसर बुरशीसारखा थर दिसतो. तो दिसेपर्यंत खालची रेष बहुधा कुरतडली गेलेली असते. स्मृती सांभाळण्यासाठी बसवलेला घटकच स्मृतीचे घर खातो, यापेक्षा मोठा रचनादोष दाखवता येणे कठीण आहे. आपले यंत्र तीस-चाळीस वर्षांनी कुणी उघडील अशी कल्पना त्या काळच्या अभियंत्याने केली नसेल, हे समजण्यासारखे आहे. तथापि ज्यांना आज हे सारे ठाऊक आहे त्यांना ही सबब उपलब्ध नाही.

प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयाच्या भांडारात असा एक ३८६ संगणक पाहिला. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘सुस्थितीत’ असा शेरा होता आणि प्रत्येक वार्षिक पडताळणीत तोच शेरा पुढे नेला गेला होता. पेटी उघडल्यावर कीबोर्डाच्या जोडणीपर्यंत द्राव पोहोचलेला आढळला. कुणाचीही हेळसांड नव्हती. कुणीही त्याला हात लावला नव्हता इतकेच. ‘मूळ अवस्था’ या शब्दाचा अर्थ आपण बाह्य स्वरूपापुरता घेतो, त्याचा हा परिणाम होय. बॅटरी जागेवर असलेले यंत्र अधिक अस्सल मानण्याची संग्राहकांची वृत्तीही याच समजुतीतून येते.

दुरुस्तीचे जे उपाय सर्रास सांगितले जातात तेही तपासून घेतले पाहिजेत. गळती दिसली की व्हिनेगर लावावे, हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय सल्ला. निकेल-कॅडमियमच्या अल्कधर्मी द्रावाला सौम्य आम्ल हा उतारा योग्यच आहे, अर्थात नंतर स्वच्छ पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून मदरबोर्ड पूर्ण वाळवला तर. परंतु मॅकिन्टॉश एसई/३० सारख्या यंत्रांतील ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्यांचे रसायन निराळे असते. त्यांतील थायोनिल क्लोराइडचा हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. तेथे व्हिनेगर लावणे म्हणजे आम्लात आम्ल ओतणे होय. त्या जागी खाण्याच्या सोड्याचे द्रावणच हवे. रसायनशास्त्र विभाग त्याच इमारतीत असताना ही चूक होऊ नये.

दुसरा उपाय पिंपाच्या जागी तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल बसवण्याचा. मूळ मंडलात बॅटरी पुन्हा भारित करण्याची सोय असते आणि नाणेसेल भारित करण्यासाठी बनवलेलाच नसतो. मध्ये डायोड न घालता तो जोडला तर तो फुगतो, प्रसंगी फुटतो. डायोड घातला तर त्याच्यातील घट वजा जाता उरणारा विद्युतदाब काही मदरबोर्डांना अपुरा पडतो. अनेक मदरबोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पायांची जोडणी मुळातच दिलेली असते. तिला तीन साध्या सेलांचा धारक डायोडसह तारेने जोडून तो मदरबोर्डापासून दूर ठेवणे हे दिसायला गावठी, पण विचाराने सर्वांत शुद्ध काम आहे. १९८४ च्या मूळ रचनेकडे ते परत जाते आणि केव्हाही काढून टाकता येते.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खराखुरा आहे. सन कंपनीच्या स्पार्कस्टेशनमध्ये यंत्राचा ओळख क्रमांक आणि इथरनेट पत्ता अशा चिपमध्ये साठवलेला असतो की जिच्या आवरणातच लिथियम सेल बंद केलेला आहे. सेल संपला की यंत्र स्वतःची ओळख विसरते. तो क्रमांक आधी लिहून ठेवलेला असेल तरच नव्या चिपमध्ये हाताने भरता येतो. अशा ठिकाणी घाईने केलेली दुरुस्ती हा माहितीचा नाशच होय. पण यातून निघते ते नोंद आधी करण्याचे कर्तव्य. हात न लावल्याने तो सेल काही अधिक जगत नाही.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत घात होतो तो उत्साहाने. जुने यंत्र सापडले की पहिली ऊर्मी ते चालू करून पाहण्याची. १९८१ चा बीबीसी मायक्रो भारतीय शाळांत १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे पोहोचला होता, त्यामुळे तो आपल्याकडच्या कपाटांतही सापडू शकतो. त्याच्या वीजपुरवठ्यात मुख्य विजेला समांतर बसवलेले रिफा कंपनीचे कागदी कॅपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला कालांतराने तडे जातात, ओलावा शिरतो, आणि बटण दाबल्यावर काही मिनिटांत खोली धुराने भरते. (यंत्र बहुधा त्यानंतरही चालू राहते, ही त्यातल्या त्यात गंमत.) तेथे एक्स-२ सुरक्षा श्रेणीचाच कॅपॅसिटर घालावा, बाजारात मिळेल तो नव्हे. कमोडोर ६४ ची कथा अधिक दुःखद. त्याचा बाहेरचा पुरवठा राळेत बुडवलेला असल्याने उघडता येत नाही, आणि बिघडतो तेव्हा पाच व्होल्टांचा दाब वर चढून स्मृतीच्या चिपा जळतात.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील डिमरस्टॅट लावून दाब हळूहळू चढवावा, असे येथे हटकून सुचवले जाते. व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी ते ठीक आहे. स्विच-मोड पुरवठा मात्र कमी दाबावर एक तर सुरूच होत नाही, नाहीतर अधिक प्रवाह ओढतो. तो यंत्रापासून वेगळा करावा, त्याला बदली भार जोडावा, पाच आणि बारा व्होल्ट मोजावेत आणि मगच यंत्राला जोडावा. हे दहा मिनिटांचे काम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल. बॅटरी संपलेला एटी वर्गातील संगणक आपल्या हार्ड डिस्कचा प्रकार विसरतो आणि डिस्क सापडत नसल्याचे सांगतो. ‘हार्ड डिस्क नादुरुस्त’ असा शेरा मारून किती यंत्रे निर्लेखित झाली असतील, याचा हिशेब आता लागणे नाही. त्यांतील काहींत पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट कार्डे होती आणि त्यांच्या आधाराने टंकलेला मराठी मजकूर त्या डिस्कांवर होता. मजकुराचे रूपांतर आजही करता येते, पण त्यासाठी आधी डिस्क वाचता आली पाहिजे. निर्लेखन समितीच्या प्रपत्रात ‘बॅटरी तपासली काय, डिस्कचा प्रकार पुन्हा भरून पाहिला काय’ असा एक रकाना वाढवण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.