सा रे ग म प, लिटल चॅम्प्स
झी मराठी दूरचित्रवाहिनीवरील बालगायकांची स्पर्धा (२००८–०९). परीक्षक अवधूत गुप्ते व वैशाली सामंत. निवेदन पल्लवी जोशी यांचे. विजेतेपद कार्तिकी गायकवाड हिला मिळाले. आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे व रोहित राऊत हे अंतिम फेरीतील अन्य स्पर्धक होत. इटलीतील सान रेमो महोत्सवात (प्रारंभ १९५१, दूरचित्रवाणीवर १९५५ पासून) स्पर्धा नव्या गीतांची असते, येथे गीत बहुधा जुने आणि कसोटी कंठाची. त्यामुळे नाट्यपदे, अभंग, भावगीते व लावण्या घरोघरी पुन्हा ऐकल्या गेल्या, हे श्रेय लहान नव्हे. परंतु मूळ गायकाच्या हरकती हुबेहूब उतरविणे हाच गुण मानला जाऊ लागला. मुलांची तयारी थक्क करणारी होती. एवढा मोठा श्रोतृवर्ग लाभूनही संगीतकारांकडून त्यांच्या वयाला साजेशी नवी गीते मात्र या मंचासाठी मागविली गेली नाहीत.