रसिक कीं पंच ?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, उपनगरांतल्या मध्यमवर्गीय घरीं रात्रीचीं पानें वाढून होतात न होतात तोंच दूरचित्रवाणीपुढें एक वाद रंगूं लागतो : आज बाहेर कोण जाणार ? गाणें कसें झालें, हा प्रश्न मागाहून निघतो, किंवा निघतच नाहीं. ज्या कार्यक्रमांस 'रिॲलिटी शो' असें नांव पडलें आहे, त्यांच्या लोकप्रियतेचें मर्म या एका प्रश्नांत आहे, आणि आमच्या मतें त्यांचा दोषही त्यांतच आहे.

या प्रकारावर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात : तो सवंग आहे, आणि तो खोटा आहे. दोन्ही आक्षेप अपुरे आहेत. सवंगपणा जुन्या फार्सांतही होता. आणि खोटेपणा म्हणाल तर सर्व नाट्याचा पायाच तो आहे. स्पर्धेलाही सरसकट दोष देतां येत नाहीं. २००८-०९ सालचें झी मराठी वाहिनीवरील 'सा रे ग म प' चें 'लिटिल चॅम्प्स' हें पर्व आठवावें. कार्तिकी गायकवाड, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर व रोहित राऊत हीं पांच मुलें अखेरच्या फेरीपर्यंत पोंचलीं. पहिला मान कार्तिकीला मिळाला. परंतु लोकांनीं पांचांनाही 'पंचरत्नें' म्हणूनच लक्षांत ठेविलें. २०२१ सालीं त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वांत तींच पांच जणें, आतां मोठीं होऊन, परीक्षकांच्या आसनांवर बसलीं. निकाल मागें पडला व गाणें उरलें. तेथें स्पर्धा ही कलेची दासी होती. त्याचप्रमाणें २००४ पासून २०२२ पर्यंत चाललेला आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' घ्या. त्यांतले खेळ अगदीं साधे असत. पण ज्या गृहिणीस चार लोकांत कोणी बोलावयास सांगितलें नव्हतें, ती आपल्याच दिवाणखान्यांत मोकळेपणानें बोलूं लागे. एकीला पैठणी मिळावी म्हणून दुसरीची मानखंडना करण्याची गरज त्या कार्यक्रमास कधीं भासली नाहीं.

आतां दुसरा नमुना पाहावा. हॉलंडांत १९९९ सालीं निघालेल्या 'बिग ब्रदर' चा मराठी अवतार 'बिग बॉस' या नांवानें २०१८ सालीं कलर्स मराठीवर अवतरला. महेश मांजरेकर त्याचे सूत्रसंचालक होते. पहिल्या पर्वाचें घर लोणावळ्यास होतें. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाचें आपल्या उपनगरांतच, गोरेगांवच्या चित्रनगरींत उभारलें गेलें. येथें गाणें नाहीं, नाटक नाहीं. माणसें हीच करमणूक. सुमारें शंभर दिवस त्यांच्यावर रात्रंदिवस कॅमेऱ्यांची नजर असते, आणि दिवसभराच्या त्या चित्रणांतून तास-दीड तासाचा भाग आपणांपुढें येतो. हा भाग कोण निवडतो ? कोणाचें भांडण ठेवावयाचें व कोणाची समजूत गाळावयाची, हें ठरविणें म्हणजे लेखनच होय. फरक इतकाच कीं, नाटककार आपल्या वाक्याला जबाबदार असतो. येथील लेखक मात्र पडद्याआड राहून, 'तीं माणसें तशींच वागलीं', असें सांगून मोकळा होतो. दर्जा घसरण्याचें पहिलें कारण हें कीं, कृति आहे पण कर्ता सांपडत नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली. दुसऱ्याच्या सुखदुःखाशीं एकरूप होऊनही वाचक आपलें स्वत्व सोडीत नाहीं, आणि या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहांत शोकांत नाटक पाहतांना आपण रडतों. पण पडदा पडल्यावर तो नट रंग पुसून घरीं जाईल, हें आपणांस ठाऊक असतें. खऱ्या माणसाच्या खऱ्या रडण्यापुढें हा विकल्प उरत नाहीं. तेथें सभ्य माणसास दोनच मार्ग असतात : धांवून जावें, किंवा नजर वळवावी. दूरचित्रवाणीनें तिसरा मार्ग काढून दिला : खुर्चींत बसून मत द्यावें. रसिक उठून गेला, आणि त्याच्या जागीं पंच येऊन बसला. पंचाला आज पाहिलेले अश्रू उद्यां पुरत नाहींत. म्हणूनच गाण्याच्या कार्यक्रमांतसुद्धां गाण्याआधीं गायकाच्या हालअपेष्टांची चित्रफीत दाखविण्याची प्रथा पडली. ती चित्रफीत पाहून डोळे भरून आल्यावर स्वर लागला कीं नाहीं, इकडे लक्ष कोणाचें जाणार ?

लोकांना हेंच आवडतें, असें उत्तर निर्माते देतील. मुंबई दूरदर्शनचा एकाच वाहिनीचा काळ परत यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पांच मुलांचीं गाणीं ज्यांनीं डोक्यावर घेतलीं, तेही हेच लोक होते. तेव्हां दोष लोकांच्या अभिरुचीवर ढकलून भागणार नाहीं.

या वादांत काय गमावण्याची भीति आहे, तें एका परिचितांच्या घरीं ध्यानांत आलें. गणपतीपुढें आठ वर्षांची मुलगी भजन म्हणत होती. एक कडवें झालें, आणि तिनें थांबून सर्वांच्या तोंडाकडे पाहत विचारलें, "किती गुण ?" पाहुण्यांपैकीं एकानें हंसत हंसत 'नऊ' सांगितलेही. मुलीचा चेहरा उतरला. एक गुण कोठें गेला, याचा ती विचार करीत असावी. अशा वेळीं घरांतल्या वडील माणसांनीं तरी गुण देण्याचें टाळून, "पुढचें कडवें म्हण, बाळ," एवढेंच सांगावें, असें आम्हांस वाटतें.