घडलें कीं घडविलें?

इंग्रजींतून मराठींत भाषांतर करणारास मोठमोठे शब्द अडवितात, असा सामान्य समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. लोकशाही, संस्कृति, राज्यघटना या शब्दांचा निकाल केव्हांच लागला. अडतें तें 'हॅपन', 'अकर', 'टेक प्लेस', 'अराइझ', 'अपिअर' अशा अगदीं घरगुती क्रियापदांपाशीं. मोल्सवर्थसाहेबांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडी यांनीं पुरा करून १८४७ सालीं मुंबईंत प्रसिद्ध केला. त्यानंतर कोश पुष्कळ झाले. पण एका शब्दापुढें चार प्रतिशब्दांची रांग मांडणें यापलीकडे कोशाला तरी काय करतां येणार? त्या रांगेंतून कोणता उचलावा, हें वाक्यानें ठरवावयाचें असतें, आणि बहुतेक भाषांतरकार रांगेंतला पहिला उचलून मोकळे होतात.

आधीं इंग्रजीची बाजू पाहूं. 'हॅपन' हें सर्वसाधारण. त्यांत अकल्पितपणाची छटा बहुधा असते. 'अकर' अर्थानें त्याच्या जवळचें, पण कचेरीचा पोषाख घातलेलें. अहवालांत आणि शास्त्रीय लेखनांत तें शोभतें, स्वयंपाकघरांत नाहीं. 'टेक प्लेस' सामान्यतः ठरवून केलेल्या गोष्टीला लागतें: सभा, विवाह, परीक्षा. 'अराइझ' म्हणावयाचें तर मागें कांहीं तरी कारण हवें. वाद, अडचणी, शंका यांना तें लागू. एवढे भेद शाळेंतल्या हुशार मुलाला सांगतां येतात, आणि त्यांत फारसें गूढ असें कांहीं नाहीं.

गूढ आहे तें आपल्याकडे. मराठींत आग लागते, पूर येतो, दुष्काळ पडतो, सभा भरते, मोर्चा निघतो, दंगल उसळते, संकट ओढवतें, लग्न लागतें आणि खून पडतो. सभा कधीं पडत नाहीं आणि दुष्काळ कधीं भरत नाहीं. 'होणें' हें सर्वांच्या घरीं जाणारें क्रियापद आहे खरें. पण ज्या नामाला स्वतःचें क्रियापद आहे, तेथें तें पाहुणाच ठरतें. इंग्रजीनें जो भेद क्रियापदांत साठविला, तो मराठीनें नाम आणि क्रियापद यांच्या सोयरिकींत साठविला आहे. म्हणून 'अकर'ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्नच मुळांत वांकडा आहे. काय 'अकर' झालें तें आधीं सांगा. क्रियापद त्याच्या मागोमाग येईल.

ही सोयरीक आज मोडत चालली आहे, आणि ती मोडण्याचें काम वर्तमानपत्रें मोठ्या निष्ठेनें करीत आहेत. 'आगीची घटना घडली', 'चोरीची घटना घडली', 'अपघाताची घटना घडली' हीं वाक्यें रोज छापून येतात. त्यांच्यामागें इंग्रजी वार्ताहराचें 'इन्सिडंट' उभें आहे, हें सांगावयास नकोच. लालबागला चाळींत आग लागली, गिरगांवांत चोरी झाली, दादरला मोटार झाडावर आदळली, असें सांगण्यास शेजारच्या कोणत्याही गृहिणीला 'घटना' लागत नाहीं. तसेंच तें 'संपन्न होणें'. शोकसभाही संपन्न झालेली आम्हीं वाचली आहे! संस्कृतांत त्याचा अर्थ सिद्धीस गेलेलें असा आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु मराठी कानाला 'संपन्न' म्हटलें कीं भरलें घर दिसतें. शोकसभेनें नुसतें व्हावें, एवढें पुरे.

याच्या उलट प्रकार 'अपिअर'चा. तेथें इंग्रजींत एक शब्द आणि मराठींत पांच-सहा. सूर्य उगवतो, देव प्रकट होतो, लेख प्रसिद्ध होतो, वकील हजर होतो, मनुष्य थकलेला दिसतो. इंग्रज या सर्वांना एकाच क्रियापदांत बसवितो. (मुंबईच्या सुशिक्षित घरांतील मुलें परीक्षेलाही 'अपिअर' होतात. पूर्वीं तीं परीक्षेला बसत असत, आणि पासही होत असत.) हा भेद केवळ सौंदर्याचा नव्हे. 'प्लेग फर्स्ट अपिअर्ड इन मांडवी' अशा अर्थाचें वाक्य मुंबईच्या इतिहासावरील इंग्रजी लेखनांत ठिकठिकाणीं भेटतें. त्याचें मराठी काय करावें? 'मांडवींत प्लेग उद्भवला' म्हटलें, तर रोगाचें मूळ मांडवींत होतें असा आरोप त्या वस्तीवर येतो. 'आला' म्हटलें, तर तो बाहेरून आला हें गृहीत धरलें जातें. हाँगकाँगला १८९४ सालीं प्लेगनें कहर केला होता आणि तेथून तो जहाजांच्या वाटेनें मुंबईस पोंचला, असें सामान्यतः मानतात. पण मूळ वाक्य तेवढेंही बोलत नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हीगास यांनीं मांडवी भागांतल्या रोग्यांना तपासून हा प्लेग आहे असें निदान केलें, एवढीच गोष्ट निश्चित. तेव्हां येथें 'आढळला' हेंच प्रामाणिक क्रियापद. पाहणारा कोणी होता म्हणून तें आढळलें; त्याआधीं तें नव्हतें असें हा शब्द म्हणत नाहीं. इंग्रजी 'अपिअर' ज्या ठिकाणीं मोघम राहतें, तेथें मराठीला साक्ष द्यावी लागते.

आतां 'घडणें'. या क्रियापदाची बरोबरी करणारा शब्द इंग्रजींत आम्हांस सांपडलेला नाहीं. सोनार दागिना घडवितो आणि दैव प्रसंग घडवितें, धातु एकच. 'पंढरीची वारी घडली', 'दर्शन घडलें' असें वारकरी म्हणतो, तेव्हां वारी आपण केली असा अभिमान तो टाळतो. पायांनीं चालला तोच, परंतु श्रेय त्याला घ्यावयाचें नाहीं. तीच रचना पापालाही चालते: 'हातून चूक घडली.' येथें हात आपला, पण चूक जणूं हाताच्या वाटेनें निसटून गेली! नम्रता आणि पळवाट यांना मराठीनें एकच दार ठेवलें आहे. त्यांतून कोण बाहेर येतो हें वाचकानेंच पाहावयाचें.

मात्र त्या दाराला एक कडी आहे. 'घडणें'चें 'घडविणें' होतें. 'हॅपन'पासून असें प्रयोजक रूप होत नाहीं. इंग्रजाला त्यासाठीं निराळा शब्द शोधावा लागतो. मराठींत 'दंगल घडली' असें कोणी म्हटलें कीं 'घडविली कोणीं?' हा प्रश्न त्याच धातूंतून उभा राहतो. म्हणून 'घटना घडली'चा आमचा राग केवळ कानाचा नाहीं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि माणसें मेलीं. 'गोळीबाराची घटना घडली' या वाक्यांत बंदुका कोणाच्या हातीं होत्या तें नाहीं. 'गोळीबार झाला' यांतही नाहीं. कर्ता अज्ञात असेल तर 'झाला' म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं. पण कर्ता गणवेषांत, सर्वांदेखत उभा असतांना 'झाला' म्हणणें ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी होय. आज त्या जागेला हुतात्मा चौक म्हणतात. हुतात्मे आपोआप होत नाहींत.

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या बाबतींत हाच प्रश्न अधिक अवघड होतो. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप सुरू केला. तो रीतसर मागें घेतल्याची घोषणा कधीं झालीच नाहीं. मग तो 'मिटला' म्हणावें, 'मोडला' म्हणावें, 'फसला' म्हणावें, कीं 'मोडून काढला'? प्रत्येक क्रियापद म्हणजे एकेक निकालपत्र आहे, आणि लिहिणारा कोणत्या पक्षाचा तें वाक्य संपण्यापूर्वींच कळतें. पुढें गिरण्या 'बंद पडल्या' आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर 'उभे राहिले'. जणूं गिरणी आजारी पडावी तशी पडली आणि टॉवर पावसाळ्यांतल्या गवतासारखा उगवला! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत गिरण्यांच्या जमिनीचे मालक, महापालिका आणि म्हाडा असे तीन वांटे ठरले होते. २००१ सालच्या दुरुस्तीनें ती वांटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, आणि सार्वजनिक वांटा आटला. नियम कोणी तरी लिहिला, कोणी तरी बदलला. 'पडल्या' आणि 'राहिले' यांत त्या लेखणीचा मागमूस नाहीं.

आणि तरीही त्या भागांतल्या जुन्या कामगाराच्या तोंडीं 'मालकानें गिरणी बंद केली' हें वाक्य क्वचित् येतें. तो म्हणतो, 'गिरणी गेली.' हें 'गेली' आपण घरांतल्या माणसाबद्दल वापरतों. तें इंग्रजींत उतरविण्यास आम्ही अद्याप धजलों नाहीं.