पंधरावा दगड

जपानातील क्योतो नगरीत र्‍योआन-जी नावाचे झेन मंदिर आहे. होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने ते १४५० साली स्थापिले. तेथील शुष्क उद्यानात ना पाणी, ना फूल, ना वृक्ष. सुमारे २५ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा पांढऱ्या खडीच्या पटांगणात १५ दगड पाच गटांनी बसविले आहेत. त्यांच्या पायथ्याशी शेवाळ तेवढे हिरवे.

इतक्या अल्प सामग्रीवर टीकाकारांनी अर्थाचे केवढे ओझे लादले आहे! कोणास हे दगड सागरातील द्वीपे वाटतात, कोणास मेघांतून वर आलेली शिखरे, तर कोणास पिलांसह नदी ओलांडणारी वाघीण. त्याच नगरीतील दाइसेन-इनच्या उद्यानाला असे वाचन शोभते. तेथे उभ्या शिळांचा पर्वत होतो, खडीचा प्रवाह त्यातून उतरतो, नौकेच्या आकाराचा दगडही त्यावर तरंगतो. तेथील कर्त्याने कथा सांगितली आहे. र्‍योआन-जीच्या अज्ञात कर्त्याने ती सांगावयाचे नाकारले, आणि हा नकार हेच त्याच्या कृतीचे श्रेष्ठत्व होय, असे आम्हांस वाटते.

आम्हां कचेरीतील मंडळींना समोरच्या कागदावर शेरा मारल्यावाचून चैन पडत नाही. 'द्वीपे' असा शेरा मारला, की प्रकरण निकालात निघाले! परंतु उलगडा झाला की दृष्टी थांबते. 'झेन' हा शब्द आपल्या 'ध्याना'पासूनच चीनमार्गे तिकडे गेला. आणि ध्यान म्हणजे अर्थ हाती आल्यावर उठून जाणे नव्हे.

मंदिराच्या ओसरीवर कोठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याआड दडतोच. जागा बदलावी, तो दिसावा, तर दुसरा लपलेला! आम्ही हे उद्यान पाहिले ते केवळ चित्रांतून. एका पुस्तकात त्याचा आराखडा होता. पंधराही दगड एकदम मोजता आले, आणि मोजून होताच आम्ही पान उलटले. आपण काय गमावले, हे पुष्कळ उशिरा ध्यानी आले.

तेथील भिक्षू दाताळ्याने खडीवर रेघा ओढतात. पावसाने त्या मोडतात. भिक्षू पुन्हा ओढतात. त्या रेघांना लाटा म्हणावे की न म्हणावे, यावाचून त्यांचे काही अडत नाही. रसिकाचेही अडू नये.