परीक्षार्थीच परीक्षक : कृत्रिम बुद्धिमत्ता-साहाय्यकासाठीच्या चाचणीविषयक सूचनांचे मूल्यमापन

प्रस्तावना

आज्ञावली लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक आता संगणकशास्त्र विभागापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. २०२१ मध्ये गिटहब कोपायलटची प्राथमिक आवृत्ती आली तेव्हा अशा साहाय्यकाचे काम मुख्यतः अर्धवट ओळी पुऱ्या करून देण्याचे होते. २०२५ पर्यंत तो स्वतः फायली उघडू व बदलू लागला, चाचण्या चालवू लागला आणि काम पूर्ण झाल्याचे कळवू लागला. त्यामुळे त्याला उद्देशून सूचना लिहिणे हा एक वेगळा लेखनप्रकारच निर्माण झाला आहे. या सूचना साध्या गद्यात असतात. त्यांचा वाचक मात्र माणूस नसतो. चाचणीविषयक सूचनांत एक अडचण अधिक असते : ज्याच्या कामाची परीक्षा घ्यावयाची, तोच बहुधा प्रश्नपत्रिकाही काढत असतो.

अँथ्रॉपिक या कंपनीने ‘क्लॉड कोड’ या आपल्या साहाय्यकाच्या वापराबाबत एप्रिल २०२५ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. साहाय्यकाला कोणत्या सूचना द्याव्यात, हे त्यात वापरकर्त्याला सांगितले आहे. त्यातील चाचणीविषयक भागाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूचनांचे स्वरूप

सांगितलेला क्रम असा : अपेक्षित इनपुट व आउटपुट यांच्या जोड्यांवरून साहाय्यकाकडून प्रथम चाचण्या लिहून घ्याव्यात. काम चाचणीप्रथम पद्धतीने चालले आहे हे त्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो नाममात्र आज्ञावली लिहून मोकळा होणार नाही. चाचण्या चालवून त्या अनुत्तीर्ण होतात याची खात्री करावी. समाधान झाल्यावर त्या गिटच्या नोंदीत दाखल कराव्यात आणि मगच, चाचण्यांना हात न लावता, त्या उत्तीर्ण होतील अशी आज्ञावली लिहावयास सांगावे. आज्ञावली केवळ त्या चाचण्यांपुरती बेतलेली नाही ना, हे स्वतंत्र उपसाहाय्यकांकडून तपासून घ्यावे, असेही सुचविले आहे. ही पद्धत केंट बेक यांच्या २००२ च्या ‘टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट : बाय एक्झाम्पल’ या ग्रंथामुळे सर्वदूर परिचित झाली.

मूल्यमापन

या सूचनांपैकी सर्वांत मोलाची सूचना म्हणजे चाचणी आधी अनुत्तीर्ण होताना पाहणे. आज्ञावली अस्तित्वातच नसताना जी चाचणी उत्तीर्ण होते, ती काहीच तपासत नाही, हे उघड आहे. तथापि घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते. चाचण्या गिटच्या नोंदीत दाखल करण्याची सूचनाही तितकीच व्यवहारी होय. पुढे कोणी प्रश्नपत्रिकेत फेरफार केल्यास तो फरक नोंदीत दिसून येतो.

चाचण्यांना हात लावू नये ही ताकीद वरवर अनावश्यक वाटेल. ती तशी नाही. याच कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘क्लॉड ३.७ सॉनेट’ या प्रारूपाचा अहवाल प्रसिद्ध केला. सर्वसाधारण उत्तर शोधण्याऐवजी विशिष्ट चाचणीपुरती पळवाट काढण्याची त्या प्रारूपाची प्रवृत्ती अहवालात मान्य केली आहे. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनीही प्रशिक्षणकाळातील असेच वर्तन मांडले. तेथील प्रारूपाने चाचण्या पूर्ण चालण्याआधीच कार्यक्रम संपवून यशाचा आभास निर्माण करण्याची युक्ती शोधली होती. अशा पार्श्वभूमीवर ही ताकीद म्हणजे अनुभवातून आलेला नियम ठरतो.

येथवर सूचनांचा रोख योग्य आहे. प्रश्न उद्भवतो तो पहिल्या पायरीत. अपेक्षित इनपुट-आउटपुटच्या जोड्या येतात कोठून? हा चाचणीशास्त्रातील जुना प्रश्न आहे, आणि एका साध्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो. दिलेले वर्ष लीप आहे किंवा नाही हे सांगणारी आज्ञावली लिहावयाची आहे, असे समजू. २०२३ व २०२४ या दोन वर्षांची चाचणी ठेवल्यास ‘चाराने भाग गेला की लीप वर्ष’ एवढीच आज्ञावलीही निर्विघ्न उत्तीर्ण होते. २१०० साली मात्र ती चुकते, कारण शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. साहाय्यकाने अस्तित्वात असलेल्या सदोष आज्ञावलीवरूनच चाचण्या तयार केल्या, तर २१०० हे लीप वर्ष असल्याचे ‘अपेक्षित’ उत्तर चाचणीत नोंदले जाईल. म्हणजे दोषाला प्रमाणपत्र मिळेल.

पंचांग पाहून हा प्रश्न सुटेल असेही नाही. लोटस १-२-३ या जुन्या कोष्टक-प्रणालीत १९०० हे लीप वर्ष धरले गेले होते. मायक्रोसॉफ्ट एक्सेलने सुसंगतीसाठी ती चूक जाणीवपूर्वक कायम ठेवली. त्यामुळे एक्सेलच्या गणनेत १ मार्च १९०० चा क्रमांक ६१ येतो, वास्तविक दिनगणनेने तो ६० यावयास हवा. एक्सेलच्या फायली वाचणाऱ्या आज्ञावलीच्या चाचणीत ६१ हेच बरोबर उत्तर आहे, इतिहासाच्या कालगणनेत ६०. कोणते घ्यावयाचे हे आज्ञावलीत लिहिलेले नसते. ते काम सोपविणाऱ्याच्या हेतूत असते. बेक यांच्या पद्धतीत चाचणी व आज्ञावली पुष्कळदा एकच व्यक्ती लिहीत असे आणि तरीही ती पद्धत उपयुक्त ठरली, याचे एक कारण असे की त्या व्यक्तीला हेतू ठाऊक असे, निदान तो विचारून घेता येत असे. साहाय्यकाला तो ठाऊक असेलच असे नाही, आणि न विचारता पुढे जाणे त्याला सोपे असते.

मार्गदर्शनाने या प्रश्नाची जबाबदारी ‘समाधान झाल्यावर’ एवढ्याशा शब्दांवर टाकली आहे. ते समाधान माणसाचे आहे, ही जमेची बाजू. पण माणसाने नेमके काय पाहून समाधान मानावे, याविषयी चाचणीच्या क्रमात एक ओळही नाही. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये दोष शोधण्याच्या हेतूने कार्यक्रम चालविणे म्हणजे चाचणी, अशी भूमिका घेतली होती. प्रस्तुत सूचनांत चाचणी हे साहाय्यकाने गाठावयाचे स्पष्ट लक्ष्य मानले आहे. लक्ष्य म्हणून चाचणी उपयुक्त असतेच. परंतु दोष शोधणाऱ्याची वृत्ती या मांडणीत कोठेच दिसत नाही.

उपसाहाय्यकाकडून तपासणीची तरतूद ही उणीव अंशतः भरून काढते. २०२३ व २०२४ ही वर्षे थेट आज्ञावलीत कोरून ठेवली असतील, तर दुसरा वाचक ते सहज ओळखेल. मात्र तो दुसरा वाचक त्याच कुळातील प्रारूप असल्यास मूळ गैरसमज दोघांचा सारखाच असण्याची शक्यता राहते. एकाच शिकवणीतल्या विद्यार्थ्याला मॉडरेटर नेमण्यासारखेच हे आहे. याऐवजी उत्परिवर्तन-चाचणीचा आधार घेता आला असता. १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी मांडलेल्या या पद्धतीत आज्ञावलीत मुद्दाम लहान बिघाड केले जातात आणि चाचण्या ते पकडतात का, हे पाहिले जाते. चाचण्यांचीच परीक्षा घेण्याचा हा मार्ग यंत्राकडून करवून घेण्यास सोपा आहे. कोणाच्या मतावर तो अवलंबून नाही. अर्थात त्यानेही ६० की ६१ हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी सूचनांत आणखी दोन वाक्ये लागतील : प्रत्येक चाचणीशेजारी तिच्या अपेक्षित उत्तराचा आधार नोंदवावा, आणि आधार न सापडल्यास उत्तर न कल्पिता थांबून वापरकर्त्याला विचारावे.